प्रायमरी, एबी फॉर्म आणि मी: काउंटी कमिटीला उभं राहावं का?

तुळशीबागवाला
मंडळी, थोडा व्यवहारी प्रश्न आहे. मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. नागरिकत्व मिळून फार दिवस झाले नाहीत. आमच्या टाउनशिपच्या कौन्सिलसाठी जूनमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ओळखीतल्या एक मराठी ताई उभ्या राहताहेत. स्थानिक पक्षाचा पाठिंबा त्यांना नाही, तो दुसऱ्या उमेदवाराला आहे. ताईंचं म्हणणं, "तू तुझ्या भागातून काउंटी कमिटीला, म्हणजे पक्षाच्या जिल्हा समितीला, उभा राहा. सह्या थोड्याच लागतात, आणि तेवढीच आम्हाला साथ."

घरून सल्ला मिळाला आहे की भारतात कधी शाखेच्या सतरंज्या उचलल्या नाहीस, आता इथे कशाला. पण मला खरंच कुतूहल आहे. आपल्याकडे तिकीट म्हणजे वरून येणारी वस्तू. इथे पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार ठरवतो म्हणतात. खरंच ठरवतो का? की नुसता देखावा? कुणी यात उतरलं असेल तर सांगा.

ठाण्याच्या_काकू
आधी अभिनंदन! उभे राहा हो. निदान तिथे अर्ज भरण्यासाठी रात्री दोनला कुणाच्या बंगल्याबाहेर ताटकळावं लागत नाही.

रिकामटेकडा
काकू, एबी फॉर्म म्हणजे काय ते परदेशस्थांना सांगा. ते विसरले असतील.

ठाण्याच्या_काकू
सांगते. 'ए' फॉर्ममध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवायचा अधिकार अमुक माणसाला आहे. 'बी' फॉर्ममध्ये तो माणूस उमेदवाराचं नाव कळवतो. हे दोन कागद मुदतीत पोचले तर तुम्ही पक्षाचे उमेदवार आणि चिन्ह तुमचं. नाही पोचले तर तुम्ही अपक्ष, मग पंधरा वर्षं काम केलेलं असो की पंचवीस.

जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या ना, त्यात अर्जाची शेवटची तारीख ३० डिसेंबर होती. यादी आधी जाहीर केली तर नाराज माणूस दुसऱ्या पक्षाचा फॉर्म आणायला मोकळा, म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत कागद खिशात. माझ्या चुलतदिराने एका पक्षासाठी गणपतीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळं केलं. मुलाखत दिली, अहवालाची फाइल दिली, प्रभागातल्या गटारांचे फोटोसुद्धा लावले होते तिला. तिकीट मिळालं आदल्या संध्याकाळी पक्षात आलेल्या माणसाला. कारण काय, तर 'निवडून येण्याची क्षमता'. ती कुणी मोजली, कशाने मोजली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

साताऱ्याचा_गडी
मग दीर बंडोबा झाले की थंडोबा?

ठाण्याच्या_काकू
माघारीच्या दिवशी दुपारी थंड झाले. परिवहन समितीचं गाजर.

प्राजक्ता_एडिसन
तुळशीबागवाला, "मतदार ठरवतो" याचं उत्तर आपल्या राज्यापुरतं तरी "अलीकडेच ठरवायला लागलाय" असं आहे. जरा लांबण लावते, कारण हे माहीत नसताना उभं राहू नये.

न्यू जर्सीत २१ काउंट्या. त्यातल्या १९ काउंट्यांमध्ये 'काउंटी लाइन' नावाचा प्रकार होता. पक्षाच्या काउंटी संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे, म्हणजे वर गव्हर्नर किंवा सिनेटर आणि खाली तुमच्या कौन्सिलपर्यंत, मतपत्रिकेवर एकाच रकान्यात सरळ ओळीत छापले जायचे. बाकीचे कुठे तरी उजवीकडे कोपऱ्यात. कधी दोन रिकाम्या रकान्यांपलीकडे, कधी भलत्याच पदाच्या अनोळखी उमेदवाराखाली. इथल्या बोलण्यात त्या कोपऱ्याला 'सायबेरिया'च म्हणायचे. मतदार वरचं ओळखीचं नाव बघायचा आणि तीच ओळ खाली दाबत जायचा. आणि मतपत्रिकेची मांडणी करणार कोण? काउंटी क्लार्क. तोही त्याच पक्षाकडून निवडून आलेला.

म्हणजे निवडणूक होती, गुप्त मतदान होतं, मोजणीही चोख होती. फक्त कागद आखतानाच निम्मा निकाल लागलेला असायचा.

हे मोडलं २०२४ मध्ये. सिनेटर मेनेंडेझवर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवले गेल्यावर त्या जागेसाठी काँग्रेसमन अँडी किम उभे राहिले. समोर आल्या टॅमी मर्फी, तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी. त्यांनी आधी कधी निवडणूक लढवलेली नव्हती, पण मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी पटापट पाठिंबा जाहीर केला. किम कोर्टात गेले. मर्फीबाईंनी मार्चमध्येच माघार घेतली, तरी खटला चालला, आणि २९ मार्च २०२४ ला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन वापरायला मनाई केली. अपिलातही निकाल टिकला. २०२५ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला. आता पदानुसार चौकट असते आणि त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र.

तेव्हा तुमच्या ताई दहा वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या असत्या तर मी सांगितलं असतं, पैसे वाचवा. आता तसं नाही.

साताऱ्याचा_गडी
गव्हर्नरच्या सौभाग्यवती! काय ताई, आमच्या गावी महिला आरक्षणाची सोडत निघाली की संध्याकाळपर्यंत सौ.चा फोटो फ्लेक्सवर आणि शेजारी साहेबांचा तिप्पट मोठा. जग एक आहे.

निमूट
प्राजक्ता, माहितीपूर्ण. पण लाइन गेली म्हणून संघटनेची ताकद गेली असं नाही ना? पैसा, माणसं, पत्रकं त्यांच्याकडेच.

प्राजक्ता_एडिसन
अर्थात. शिवाय नावाशेजारी सहा शब्दांची घोषणा छापता येते, त्यात "मी अधिकृत" हे सुचवता येतंच. पण २०२५ मध्ये हडसन काउंटीत संघटनेच्या विरोधात जाऊन रवी भल्ला आणि केटी ब्रेनन असेंब्लीची प्रायमरी जिंकले. भल्ला तेव्हा होबोकनचे महापौर होते, नाव ओळखीचं होतं हे खरं. तरी जुन्या मतपत्रिकेवर ते इतकं सोपं गेलं नसतं.

वऱ्हाडी_ठेचा
प्रायमरीचं कौतुक आम्हाले नका सांगू. आमच्या वर्ध्यात झालती ना भाऊ!

२०१४ च्या लोकसभेले राहुल गांधींनं देशातल्या मोजक्या मतदारसंघात हा प्रयोग केलता. महाराष्ट्रात वर्धा अन् लातूर. वर्ध्याचे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे. प्रायमरी कोण जिंकलं? त्यायचे चिरंजीव सागर मेघे. मग खऱ्या निवडणुकीत भाजपचे रामदास तडस निवडून आले, अन् त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपात. लातुरातही प्रायमरीतून आलेले बनसोडे पडले.

मजा अशी का त्यात मत देणारे कोण, तं पक्षाचेच पदाधिकारी अन् निवडून आलेले लोकं. साध्या माणसाले विचारलं कोणी? ज्याच्या हाती पदं वाटायची सत्ता त्याचेच मतदार. मंग घराणेशाहीले लोकशाहीचा शिक्का मिळाला, दुसरं काय झालं?

अनाहत
वडोदऱ्याचं विसरलात. तिथे नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले, आणि मग समोर मोदी उभे राहणार म्हटल्यावर त्यांनी जागा सोडली आणि मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. प्रायमरी जिंकूनही उमेदवारी दुसऱ्याला. पुढे तो प्रयोगच बारगळला.

निमूट
ठेचा यांचा मुद्दा महत्त्वाचा. अमेरिकेत प्रायमरी सरकारी यंत्रणा घेते. मतदारयादी सरकारी, मतदान केंद्र सरकारी, खर्च करदात्याचा. आपल्याकडे ती पक्षाने घ्यायची म्हटली तर यादी कुणाची? मिस्ड कॉल देऊन सदस्य झालेल्यांची? मग निवडणुकीपेक्षा यादी 'तयार करण्यातच' खरी चुरस लागेल. सहकारी साखर कारखान्याचे सभासद कसे वाढतात आणि कसे गळतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पेशवाई_नको
पण मला मुळातच प्रायमरी ही चांगली गोष्ट वाटत नाही. स्पष्ट लिहितो. उमेदवार निवडणं ही पक्षाची जबाबदारी आहे. माणूस वाईट निघाला तर जाब पक्षाला विचारता यायला हवा. प्रायमरीत पक्ष हात वर करतो, "लोकांनी निवडला". आणि लोक म्हणजे किती? जून महिन्यात मतदानाला येणारे मूठभर कट्टर. त्यांना खूश करायला उमेदवार टोकाचं बोलतो.

डेट्रॉइटकर
मूठभर तर मूठभर, पण ज्या भागात एकाच पक्षाचं राज्य आहे तिथे तीच खरी निवडणूक. आमचं उदाहरण मराठी माणसाचंच आहे, श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले. त्यांचं मराठी आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल.

२०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्य विधिमंडळात गेले. २०२२ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, १३ व्या मतदारसंघाची प्रायमरी, नऊ उमेदवार. ठाणेदारांना मतं मिळाली साधारण २८ टक्के, आणि तेवढ्यावर ते जिंकले. नोव्हेंबरची निवडणूक तिथे औपचारिकता. म्हणजे १०० पैकी ७० हून जास्त प्रायमरी मतदारांना दुसरं कुणी हवं होतं. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या शहराला कित्येक दशकांनी पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय डेमोक्रॅट प्रतिनिधी उरला नाही. त्यावरून इथे बरीच कटुता होती. आपल्या मंडळात मात्र पेढे.

त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले हेही सांगायला हवं. पक्षाच्या दारात तिकिटासाठी बसायची गरज पडली नाही याचं एक कारण तेही.

साताऱ्याचा_गडी
आठ जणांत मतं फुटली आणि नववा निघून गेला. आमच्याकडे याला 'उभे करणे' म्हणतात. म्हणजे स्वतः उभे राहणे वेगळे आणि दुसऱ्याची मतं खायला कुणाला तरी उभं करणे वेगळे.

डेट्रॉइटकर
तसं काही घडल्याचं मी म्हणत नाहीये हां. जागा मोकळी झाली होती, ज्याला त्याला आपणच यावं असं वाटत होतं.

क्वीन्सची_राणी
मतं फुटण्यावर आमच्याकडे उपाय काढलाय. न्यूयॉर्क शहराच्या प्रायमरीत २०२१ पासून पसंतीक्रम देता येतो, पाच जणांपर्यंत. तुमचा पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे. २०२१ मध्ये एरिक अ‍ॅडम्स महापौरपदाची प्रायमरी आठव्या फेरीत सुमारे ७ हजार मतांनी जिंकले.

२०२५ ला तर त्याची खरी गंमत पाहिली. ममदानी आणि ब्रॅड लँडर एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण दोघांनी मिळून सांगितलं: एकाला पहिली पसंती द्या, दुसऱ्याला दुसरी. कुओमो माजी गव्हर्नर, पैसा त्यांच्याकडे, मोठी नावं त्यांच्याकडे. शेवटच्या फेरीत ममदानी ५६, कुओमो ४४ च्या आसपास. दहा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं, तेव्हा 'मूठभर कट्टर' दरवेळी खरं नसतं, @पेशवाई_नको.

मात्र आमची प्रायमरी बंद दाराची. पक्षात आधी नोंद नसेल तर मत नाही. त्या वर्षी पक्ष बदलायची मुदत फेब्रुवारीतच संपली होती, मतदान जूनच्या २४ ला. माझ्या नवऱ्याने 'मी कुठल्याच पक्षाचा नाही' अशी बाणेदार नोंद केलेली. बसला घरी.

पेशवाई_नको
दहा लाख मान्य. पण ते महापौरपदाला. टाउनशिप कौन्सिलच्या प्रायमरीला किती येतात ते प्राजक्ताताईंनी सांगावं.

प्राजक्ता_एडिसन
येत नाहीत फारसे. म्हणूनच तर पन्नास घरं फिरलेला माणूस इथे फरक पाडू शकतो. :)

संपादक_मंडळ
चर्चा छान चालली आहे. भारतातल्या विशिष्ट पक्षांवरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा तिकडे नेऊ नये.

रिकामटेकडा
दोन्ही माझेच होते. पावलो.

सॅन_होजेचा_सख्या
एक शंका. मी एच-१बीवर आहे. मित्राच्या प्रचारात मदत केली तर चालते का? वर्गणी?

प्राजक्ता_एडिसन
वर्गणी अजिबात नाही. परदेशी नागरिकाला संघराज्य, राज्य, स्थानिक, कुठल्याच निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. ग्रीनकार्डधारक देऊ शकतात. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून घरोघरी जाणं चालतं. आणि ग्रीनकार्डवाल्यांनी चुकूनही मतदार नोंदणी करू नये. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर घाईत सही केली आणि पुढे थेट हद्दपारीपर्यंत प्रकरण गेलं, असं होऊ शकतं.

कोकणपट्टी
घरोघरी जाण्यावरून. मी पेनसिल्व्हेनियात एका स्थानिक उमेदवारासाठी फिरलो होतो. गोऱ्यांच्या घरी दार उघडून दोन मिनिटं ऐकतात आणि "नो, थँक यू". आपल्या लोकांच्या घरी आधी दारातली चपलांची रास ओलांडायची. मग गाव कुठलं, मग चहा, मग मुलगी कुठल्या कॉलेजात. अर्ध्या तासाने कळतं की घरात सगळे मिळून एकच मतदार आणि तो रिपब्लिकन.

ठाण्याच्या_काकू
चहाबरोबर काय होतं?

कोकणपट्टी
चकली. भाजणीची.

ठाण्याच्या_काकू
मग वाया नाही गेली खेप.

डेट्रॉइटकर
तुळशीबागवाला, एक धोक्याची सूचना: सह्या. "थोड्याच लागतात" म्हणून कमी लेखू नका. २०२२ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीतून पाच जण बाद झाले, कारण सह्या गोळा करायला नेमलेल्या लोकांनी बनावट सह्या केल्या होत्या. त्यात डेट्रॉइटचे माजी पोलिसप्रमुखही होते. २०२४ मध्ये ठाणेदारांचे मुख्य प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही, वैध सह्या एक हजार भरल्या नाहीत म्हणून.

तेव्हा लागतात त्याच्या दुप्पट घ्या. त्याच पक्षाचा, त्याच वॉर्डातला नोंदणीकृत मतदार आहे ना, ते यादीत बघून घ्या. नावं स्पष्ट लिहून घ्या. आणि मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका रांगेत सगळ्यांच्या सह्या घेऊ नका. निम्मे शेजारच्या टाउनशिपमधले निघतात.

निमूट
आपल्याकडेही छाननीत अर्ज उडतातच. पण सूचक योग्य नसला, शपथपत्रात रकाना रिकामा राहिला, असल्या कारणांनी. एकूण, लोकांना हरवण्याआधी कागदाने हरवण्याची कला सार्वत्रिक आहे.

वऱ्हाडी_ठेचा
ते सगळं ठीक. पण मले एक सांगा, ते काउंटी कमिटी म्हंजे नेमकं काय? पगार हाय का?

प्राजक्ता_एडिसन
दमडी नाही. पण हे पद वाटतं तितकं फालतू नाही आणि मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. प्रत्येक छोट्या मतदान विभागातून पक्षाचे मतदार प्रायमरीतच आपले कमिटी सदस्य निवडतात. हे सदस्य गावातला पक्षाध्यक्ष निवडतात, काउंटीचा अध्यक्ष निवडतात, पाठिंबा कुणाला द्यायचा यावर मत देतात. राज्याचा आमदार मध्येच पद सोडून गेला तर त्याच्या जागी तात्पुरता कोण बसणार, हे त्या मतदारसंघातले त्याच पक्षाचे कमिटी सदस्य ठरवतात.

म्हणजे काकूंचा 'ए' फॉर्म ज्या साहेबांच्या नावाने निघतो, तो साहेब इथे ही कमिटी नेमते. बऱ्याच ठिकाणी या जागांना एकच अर्ज येतो, किंवा येतच नाही. लोक तक्रार करतात की पक्ष ठरावीक लोकांच्या हातात आहे, आणि त्या हातांसाठी मतदान असतं त्या दिवशी घरी असतात.

पेशवाई_नको
हे पटलं. माझा विरोध प्रायमरीला, याला नाही. पक्षात शिरून पक्ष चालवा, हेच मी म्हणतोय. फक्त एक विचारतो. ताई हरल्या आणि हे जिंकले तर काय? ज्यांच्या विरोधात लढले त्यांच्याच बैठकीत दर महिन्याला बसायचं?

साताऱ्याचा_गडी
बसायचं की! आमच्याकडे पॅनेलविरोधात लढलेला आठवड्यात पॅनेलच्या गाडीत असतो.

ठाण्याच्या_काकू
मला तर एवढंच दिसतं की त्या ताई हरल्या तर किती मतांनी हरल्या ते त्यांना कळेल. कुठल्या भागात पडल्या तेही कळेल. माझ्या दिराला अजून कळलेलं नाही तो कशात कमी पडला. फाइल घेऊन तीच माणसं, तोच कार्यालयाचा जिना, पुन्हा पाच वर्षं. आणि मधे निवडणुकाच लांबल्या तर आणखी. मुंबईची २०१७ नंतर थेट २०२६ ला झाली.

निमूट
काकू, +१. हे एकच वाक्य मी माझ्या सगळ्या आक्षेपांनंतरही मान्य करतो.

तुळशीबागवाला
सगळ्यांचे आभार. काल ताईंशी बोललो. माझी नोंद सध्या कुठल्याच पक्षात नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं, पण उमेदवार व्हायचं तर आधी पक्षनोंदणी करून घेणं बरं. ते आज केलं. गावच्या क्लार्कच्या कार्यालयातून सह्यांचे कागद आणले. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही अधिकृत गटाकडून का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी कागद दिले, फक्त चष्म्यावरून बघितलं.

पेशवाई_नको, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या विभागातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे आमच्या घराची एक चावी असते, एवढं सांगतो. सुट्टीत कुंड्यांना पाणी तोच घालतो.

आता मदत हवी ती अशी: सहा शब्दांत घोषणा द्यायची आहे.

सॅन_होजेचा_सख्या
"पाणी, पार्किंग, पारदर्शकता आणि थोडी पुरणपोळी".

कोकणपट्टी
"चपला बाहेर काढा, मत आत टाका". सहा होतात, मोजा.

रिकामटेकडा
त्यापेक्षा परंपरागत घ्या की. "ताई माई अक्का, विचार करा पक्का". बरोबर सहा. शिक्क्याची ओळ गाळावी लागेल, इथे शिक्का नाही.

क्वीन्सची_राणी
रोमन लिपीत छापल्यावर क्लार्कबाई पुन्हा चष्म्यावरून बघणार.

प्राजक्ता_एडिसन
शिवाय घोषणेत कुणा व्यक्तीचं नाव आलं तर त्या व्यक्तीची लेखी संमती जोडावी लागते. काउंटीत अक्का नावाच्या कुणी निघाल्या तर त्यांची सही आणा.

ठाण्याच्या_काकू
माझ्या जावेला घरात सगळे माईच म्हणतात. ती देईल संमती, पण कौन्सिलचं तिकीट मागेल.